अर्धी पावडर, अर्धी हवा

मी एक नमुना बोलतोय.

हसायचं तर हसून घ्या. 'काय नमुना आहे' असं लोक ज्याला म्हणतात तो मी नव्हे. तो या घरात वेगळा आहे, त्याच्याबद्दल पुढे येईलच. मी खरोखरचा नमुना आहे. कपडे धुण्याच्या पावडरीचं, तळहातावर मावेल एवढं पारदर्शक पाकीट. माझ्या अंगावर जांभळ्या शाईचा तिरका शिक्का आहे : 'मोफत नमुना. विक्रीसाठी नाही.' माझी किंमत काय, हे माझ्या जन्मापासून माझ्या पोटावरच लिहिलेलं आहे, तेव्हा मला गर्व होण्याचं काही कारण नव्हतं.

माझ्यात एक चमचा पावडर आहे आणि बाकी हवा आहे. पावडरीला कोणी विचारत नाही. तीच पावडर या घरात पिंपभर पडून आहे. भांडण चाललंय ते हवेवरून. आई म्हणते, मला फाडायचं. धाकटा म्हणतो, हात लावून तर बघा. ज्याचं आयुष्य एका बादलीपुरतं, त्याच्यापायी मायलेकांनी अबोला धरावा, एवढा मान आमच्या कुळात आजवर कुणाला मिळाला नव्हता.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. पावडर कारखान्यातली, मी मात्र घरचा. कंपनी आपल्या विक्रेत्यांना मोठमोठ्या पिशव्या द्यायची आणि नमुने ज्याचे त्याने करून वाटायचे, असा नियम होता. कंपनीचे साहेब सभेत सांगत, की नमुना ही विक्रेत्याची स्वतःची गुंतवणूक आहे. आता एवढी चांगली गुंतवणूक कंपनीने स्वतःकडे का ठेवली नाही, असं कुणी विचारलं नाही. कंपनी मनाने उदार होती, एवढंच सगळ्यांनी समजून घेतलं.

या घराच्या मागच्या खोलीत खिडकीखाली एक टेबल आहे. टेबलावर पाकिटं चिकटवायचं मशीन. स्टेपलरचा मोठा भाऊ म्हणा. दांडा दाबला की आतली तार तापते, लाल दिवा लागतो, आणि प्लॅस्टिकची दोन तोंडं कायमची एक होतात. बाजूला पावडरीची परात, आणि परातीत खोकल्याच्या औषधाबरोबर आलेला मापाचा चमचा. औषध कधीच संपलं, खोकलाही गेला, चमचा मात्र नोकरीला लागला.

या टेबलाशी ताई बसायची. ती या घरातली थोरली. धाकट्याची ताई, म्हणून साऱ्या इमारतीची ताई. तिच्याहून मोठी माणसंही तिला ताईच म्हणत.

रिकाम्या पाकिटांचा स्वभाव तुम्हाला माहीत असेल. रुसलेल्या माणसासारखी तोंडं गच्च मिटून बसतात. बोटांनी चोळा, नखांनी उचका, उघडायचं नाव नाही. ताई पाकीट ओठांशी नेई आणि एक फुंकर घाली. तोंड लगेच उघडे. मग एक चमचा पावडर. मग दुसरी फुंकर. ही दुसरी बारीक आणि कडेकडेने घालायची, म्हणजे पावडर उडत नाही. लगेच तोंड चिमटीत धरून मशीनच्या तारेवर ठेवायचं, आणि दांडा दाबायचा. फू, चमचा, फू, दाब. सकाळपासून मागच्या खोलीतून एवढाच आवाज येई. अधूनमधून शिंक. पावडर नाकात जाऊन ताई दिवसभर शिंकत असे, आणि प्रत्येक शिंकेनंतर पावडरीलाच म्हणे, "बस कर की आता."

दुसरी फुंकर कशाला, ते सांगतो. एक चमचा पावडर पाकिटाच्या तळाशी अंग चोरून बसते. घेणाऱ्याला वाटतं, शी, एवढंसंच? हवा भरली की तेच पाकीट कसं बाळसेदार दिसतं. ही युक्ती कंपनीने शिकवलेली नव्हती. ताईचीच होती. तिला त्यात लबाडी वाटत नसे. तिचं म्हणणं होतं, की माणसाच्या हातात काही ठेवलं तर त्याला काहीतरी मिळाल्यासारखं वाटलं पाहिजे.

वरच्या मजल्यावरच्या वहिनींना हे पसंत नव्हतं. त्या फुकटच्या वस्तूचीही घासाघीस करणाऱ्यांपैकी. एकदा त्यांनी आमच्यातल्या एकाला उजेडात धरलं, हलवून बघितलं आणि म्हणाल्या, "काय गं ताई, अर्धी पावडर आणि अर्धी हवाच आहे यात. हवा विकायला लागलीस की काय?"

"वहिनी," ताई म्हणाली, "पावडर कंपनीची आहे. हवा तेवढी घरची."

वहिनी हसल्या, पाकीट घेऊन गेल्या, आणि जाताना आणखी एक मागून नेलं.

आता तो दुसरा नमुना. धाकटा. शाळेने त्याला आणि त्याने शाळेला एकाच वर्षी सोडलं. पुढे तो गॅरेजात लागला, तिथे मालकाला उलट बोलला. दुकानात लागला, तिथे गिऱ्हाइकाला उलट बोलला. बसवर क्लीनर म्हणून लागला, तिथे कुणालाच बोलला नाही, फक्त ड्रायव्हर चहाला गेला असताना बस चालू करून बघितली. ताईने त्याचं नाव तडतड्या ठेवलं होतं. तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा आहे म्हणायची. शेवटी तिने त्याला आपल्याच हाताखाली घेतलं. ती फुंकर घाली, तो दांडा दाबी. बाहेर जाताना ती बोले, तो पिशवी उचले.

दांडा दाबून धरायचा असतो. लाल दिवा विझला की मगच सोडायचा. पण दिवा विझेपर्यंत थांबणं हे तडतड्याच्या रक्तात नव्हतं. तो आधीच सोडे, आणि पाकिटाचा उजवा कोपरा कच्चा राही. ताई रोज सांगायची, अरे, दिवा विझू दे. तो रोज म्हणायचा, कोपरा कोण बघतंय. माझाही उजवा कोपरा कच्चाच आहे. हे जरा ध्यानात ठेवा.

विक्रीला जाताना ताईचे दोन नियम होते. पहिला असा, की दार उघडलं रे उघडलं की आधी पाकीट हातावर ठेवायचं, मग तोंड उघडायचं. हातात काही असलं की माणसाला दार लावून घेणं जड जातं. दुसरा नियम घरचा होता. आपल्या दारात आलेला माणूस, मग तो मीटर बघणारा असो की पत्ता चुकलेला, पाकीट घेतल्याशिवाय परत जाता कामा नये. त्यासाठी दाराशेजारच्या फळीवर नमुन्यांचं खोकं कायम भरलेलं असे. तडतड्याला ताईची बाकीची शिकवण फारशी चिकटली नाही. हा दुसरा नियम मात्र पक्का बसला.

मग ताई गेली.

ताप आला होता. गोळी घेऊन ती टेबलाशी बसली आणि हातातली रास पुरी केली. त्या राशीतला मी. माझ्यात फुंकर घालताना तिचे ओठ कढत होते, एवढं मला कळलं. प्लॅस्टिकला याहून जास्त काही कळत नाही. ताप उतरेना म्हणून तिला दवाखान्यात नेलं. तडतड्या सोबत गेला. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात तिच्या चपला होत्या.

माणसं भेटायला येऊ लागली. माणसांची एक गंमत मी तेव्हा पाहिली. ज्या दारांनी ताईला कधी पुरतं उभं केलं नाही, त्या दारांतली माणसं तासन्‌तास बसून, ती किती गोड बोलायची, ते सांगत होती. आई भिंतीला टेकून बसली होती. तडतड्या दाराशी उभा होता. त्याला आपल्या हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. खिशात घाली, बाहेर काढी, पाठीमागे बांधी.

पहिला माणूस जायला उठला. तडतड्याचा हात आपोआप फळीवरच्या खोक्यात गेला आणि त्याने त्या माणसाच्या हातावर पाकीट ठेवलं.

तो माणूस पाकिटाकडे बघत राहिला. पण दुःखाच्या घरात नको कसं म्हणणार? त्याने ते खिशात घातलं. त्याचं बघून दुसऱ्याने घेतलं. दोन बायका आपापसांत कुजबुजल्या, की यांच्यात अशी पद्धत असेल. एका बाईने डोळे पुसत जावेसाठी एक जास्त मागितलं. कंपनीचे साहेब आले होते. कंपनीची न भरून येणारी हानी झाली, असं म्हणाले, आणि जाताना त्यांच्याही हातावर त्यांच्याच कंपनीची पावडर आली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि हळूच म्हणाले, "पॅकिंग सुंदर आहे."

आईच्या लक्षात आलं होतं, पण तिच्यात बोलायचं बळ नव्हतं. खोकं रिकामं झालं. ताई असताना एका दिवसात एवढं वाटप कधी झालं नव्हतं.

मी गेलो समोरच्या इमारतीतल्या काकांकडे. कचेरीतून निवृत्त झालेले, एकटे राहणारे गृहस्थ. त्यांची ख्याती अशी, की फुकट मिळालेली वस्तू ते कधी सोडत नाहीत आणि कधी वापरतही नाहीत. त्यांनी मला घरी नेऊन एका पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात ठेवलं. डब्यात बरीच मंडळी आधीपासून होती. लॉजमधल्या साबणाच्या वड्या, शांपूच्या पुड्या, दंतमंजनाची चिमुकली बाटली. विमानात मिळते ती साखरेची पुडी सगळ्यांत तोऱ्यात असे. काका विमानात कधी बसले नव्हते, त्यांच्या जावयाने ती आणली होती. सगळेच 'वेळेला उपयोगी पडू' म्हणून वाट बघत होते. वेळ कसली, ते काकांनी अजून ठरवलेलं नव्हतं. एक साबण म्हणाला, मी इथे आलो तेव्हा मला वास होता.

मी मनातून खचलो. नमुन्याचं आयुष्य ते केवढं. हाती पडायचं, फाटायचं, एखादी कॉलर उजळून गटारात जायचं. डब्यात म्हातारं व्हायचं आमच्या नशिबी नसतं. तेव्हा मला काय ठाऊक, की या चिक्कू माणसाच्या कृपेनेच मी वाचणार आहे.

मी डब्यात असताना घरी काय घडलं, ते मला नंतर कळलं. तडतड्यानेच सांगितलं. घरात दुसरं कोणी नसलं की तो माझ्याशी बोलतो. आधी माणसांशी बोलायला लाजत नव्हता, आता पाकिटाशी लाजत नाही, एवढाच फरक.

झालं असं, की वाटलेल्या नमुन्यांनी आपलं काम केलं होतं. लोकांनी घरी जाऊन पाकिटं फाडली, कपडे धुतले, आणि पावडर चांगली निघाली. मोठ्या पिशव्या हव्यात म्हणून फोन येऊ लागले. ताईने मरणानंतर जेवढी मागणी आणली तेवढी तिने जिवंतपणी कधी आणली नव्हती. साहेबांनी आवर्जून कौतुक कळवलं, आणि सोबत हेही कळवलं, की घरातलं कोणी काम पुढे चालवणार नसेल तर हा भाग दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल.

तडतड्या टेबलाशी जाऊन बसला. पहिल्यांदाच ताईच्या खुर्चीत. पाकीट घेतलं, बोटांनी चोळून कसंबसं उघडलं, चमचाभर पावडर घातली, दांडा दाबला. पाकीट तयार झालं, पण ते पोट खपाटीला गेल्यासारखं चपटं पडलं. त्याने दुसरं केलं. तेही तसंच. काय चुकतंय ते त्याला उमजेना. मग आठवलं, की फुंकर राहिली. त्याने तिसरं पाकीट तोंडाशी धरून सगळा जीव लावून फुंकर मारली. सगळी पावडर डोळ्यांत, नाकात, केसांत. आई धावत आली तेव्हा तो पांढराफटक होऊन शिंकत बसला होता. शिंका थांबल्या तसा तो एकदम उठून दाराशेजारच्या खोक्याकडे पळाला.

खोकं रिकामं होतं. ते त्यानेच रिकामं केलं होतं.

ताईच्या छातीतून निघालेली हवा जगात फक्त त्या पाकिटांत उरली होती, आणि ती त्याने आपल्या हातांनी, एकेकाला बोलावून, फुकट वाटून टाकली होती.

पायात येईल ती चप्पल घालून तो वरच्या मजल्यावर गेला. वहिनींनी पाकीट नेमकं आदल्याच दिवशी फाडलं होतं. त्यांच्या मिस्टरांच्या सदऱ्यावर डाग पडला होता. नमुना परत मागायला आलेला विक्रेता मी जन्मात पहिल्यांदा बघते, असं त्या म्हणाल्या. त्याने रिकामं पाकीट तरी द्या म्हटलं. ते कचऱ्यात गेलं होतं. वहिनी थोड्या चिडल्याच. एवढ्याशा पावडरीसाठी दारात काय उभा राहतोस, हवी तर माझ्या डब्यातली घेऊन जा, म्हणाल्या.

"पावडर नकोय," तो म्हणाला. "हवा पाहिजे होती."

वहिनींना आधी कळलं नाही. मग कळलं. त्या आत गेल्या, त्यांनी कचऱ्याची बादली जुन्या वर्तमानपत्रावर उलटी केली, आणि दोघंही जमिनीवर बसून शोधत राहिले. पाकीट सापडलं. मधोमध फाटलेलं, आत भाजीची देठं शिरलेली. वहिनींनी ते नळाखाली धुतलं, पदराला पुसलं आणि त्याला दिलं. हवा विकतेस का म्हणणाऱ्या बाईला दुसरं काही सुचलं नाही.

मग तो दारोदार फिरला. ताईबरोबर ज्या जिन्यांनी पिशवी घेऊन चढला होता, त्याच जिन्यांनी. विक्रेता आला म्हणून कुणी दार उघडत नव्हतं, आणि उघडलं तर त्याचं मागणं ऐकून पुन्हा लावून घेत होतं. हातावर ठेवायला त्याच्याकडे काही नव्हतं ना. जिथे तिथे पाकीट फाटलं होतं, वापरलं होतं, फेकलं होतं. वस्तू इतक्या तत्परतेने वापरल्या जाव्यात, हे ताईचं स्वप्न होतं. ते नेमकं त्याच वेळी पुरं झालं.

काकांकडे तो सगळ्यात शेवटी आला. आशा नव्हती म्हणून शेवटी. डब्याचं झाकण उघडलं आणि मला त्याचा चेहरा दिसला. त्याने हात पुढे केला तसं काकांनी झाकण पुन्हा लावलं. त्यांचं म्हणणं असं, की दिलेली वस्तू परत मागणं रीतीला धरून नाही, आणि अगदीच हवी असेल तर बदल्यात काहीतरी आलं पाहिजे. तडतड्याने उलट उत्तर दिलं नाही. हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. तो घरी गेला आणि पावडरीची मोठी पिशवी खांद्यावर घेऊन आला.

काकांनी पिशवी हाताने तोलून पाहिली, आणि मग त्यांना शंका आली.

"एवढ्याशा पुडीला एवढी मोठी पिशवी? आहे तरी काय हिच्यात?"

"ताईची फुंकर आहे."

काकांनी मला डब्यातून काढलं. तळहातावर ठेवलं. चष्मा कपाळावर चढवून, डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. मग दोन्ही हातांनी, भरलेली वाटी द्यावी तसं, मला त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "ही तुझीच रे. सांभाळून ने."

पिशवी मात्र त्यांनी परत दिली नाही. ती वेळेला उपयोगी पडेल.

अशा रीतीने 'विक्रीसाठी नाही' असं अंगावर लिहिलेला मी, कंपनीच्या इतिहासातला सगळ्यात महाग सौदा ठरलो.

तिथून माझे राजेशाही दिवस सुरू झाले. ताईच्या फोटोशेजारी मला जागा मिळाली. आधी माझ्यावर एक कागदी पाकीट चढलं, मग त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, मग हे सगळं काचेच्या बरणीत. साध्या पुडीला तीन आवरणं. झाडू मारताना धूळ उडते म्हणून झाडू बंद. वारा लागतो म्हणून मागच्या खोलीची खिडकी बंद. मशीनवर कापड टाकलेलं. फोन वाजत राही आणि तडतड्या बरणीसमोर बसून राही. साहेबांचा निरोप आला, पुन्हा आला. तो म्हणे, बोलायचं काम तिचं होतं, मी पिशवी उचलणारा. उचलायला पिशवी भरायची तर नमुने लागतात, आणि नमुने करायचे तर फुंकर लागते. ताईच्या चमच्यावर, ताईच्या मशीनवर आपली फुंकर घालायची म्हणजे तिची पुसून टाकण्यासारखं आहे, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. डोक्यात एखादी गोष्ट बसायला त्याला वेळ लागायचा, पण बसली की ती भाडं न देता राहायची.

 आईने बंद खिडकीच्या घरात स्वयंपाक केला, घाम पुसला आणि वाट बघितली.

आणि मग तो कच्चा कोपरा.

बरणीत असो की सिंहासनावर, कच्चा कोपरा आपलं काम करतोच. मी हळूहळू मऊ पडू लागलो. पोट उतरलं. एका सकाळी पुसायला म्हणून तडतड्याने आवरणं काढली, तर मी त्याच्या हाताला मऊ लागलो. त्याने मला सगळीकडून चाचपलं, तर उजव्या कोपऱ्याशी त्याचं बोट थांबलं. ताई रोज सांगायची तो कोपरा. तो कितीतरी वेळ ते बोट तसंच धरून बसला. मग चिकटपट्टी आणून त्याने माझा कोपरा असा गुंडाळला, की जणू माझा हातच मोडला आहे. एवढं करून तो आईकडे गेला आणि ताईची हवा चाललीय म्हणाला.

आई भांडी घासत होती. तिने नळ बंद केला.

"जाऊ दे की मग," ती म्हणाली. "श्वास आहे तो. कोंडून ठेवायची वस्तू आहे का? आता जी आहे तीसुद्धा शिळी होईल. त्यापेक्षा फाड ते पाकीट. निदान या घरात तरी राहील."

त्यावर तो पूर्वीसारखा तडतडला. नको ते बोलला. तुला ती गेल्याचं काही वाटत नाही, इथपर्यंत गेला. आईने पुन्हा नळ सोडला. तेव्हापासून अबोला. जेवायचं ताट ती त्याच्यासमोर ठेवी, तो खाली मान घालून जेवी, आणि दोघांच्या मध्ये मी बरणीतून बघत असे. एका चमच्याच्या पुडीने घर अडवून धरलं होतं. मला माझीच लाज वाटू लागली होती.

आज सकाळी आईने मागच्या खोलीची खिडकी उघडली. तडतड्याने मान वर केली, पण उठला नाही. मग तिने ताईची खांद्याची पिशवी खुंटीवरून काढली. नमुने नेऊन नेऊन पिशवीचा तळ काळा झाला होता, पट्टा घामाने पिवळा पडला होता. न्हाणीघरात बादली भरायचा आवाज आला. आई दारात येऊन म्हणाली, पिशवी धुवायची आहे, पावडर दे. पावडर विकायला जाणाऱ्याची पिशवी अशी कळकट असली तर लोक हसतील.

तो उठला आणि पिंपातून वाटीभर पावडर घेऊन आला. आईने वाटी बाजूला ठेवली.

"ही नको. तिने भरलेली दे."

"मग माझ्याकडे काय उरेल?"

"मशीन आहे, चमचा आहे, तुला तोंड आहे." आई उंबऱ्यावरच बसली. "लहानपणी गुडघा फुटला की तू तिच्याकडेच पळायचास. ती फुंकर घालायची आणि तू गप्प व्हायचास. ती फुंकर तिला कुणी शिकवली होती? मी. कडेकडेने, हळू. तुलाही शिकवीन. तिने सगळा जन्म पाकिटांची तोंडं उघडायला फुंकर घातली रे. आणि तू तिचंच नाव घेऊन सगळं मिटवून बसलायस."

तडतड्याने उलट उत्तर दिलं नाही. आयुष्यात दुसऱ्यांदा.

त्याने बरणी काढली. प्लॅस्टिकची पिशवी काढली, कागदी पाकीट काढलं, कोपऱ्यावरची चिकटपट्टी हळूहळू सोलली. आत्ता या क्षणी मी त्याच्या हातात आहे. बादली भरली आहे, पिशवी पाण्यात बुडाली आहे, आई बाजूला उभी आहे. तिने हात पुढे केलेला नाही. फाडायचं त्यानेच, हे तिने न बोलता ठरवलं आहे.

तेव्हा मंडळी, निरोप घेतो. आता बोलायला फारसा वेळ नाही. एक सांगून जातो. तुमच्या दारात कोणी आलं आणि तुमच्या हातावर माझ्यासारखं काही ठेवलं, तर ते डब्यात घालू नका आणि फोटोजवळही ठेवू नका. हलवून बघा, हवा जास्त आहे म्हणून हसा, आणि त्याच दिवशी फाडा. हवा कुणाची होती ते विचारलंत तर उत्तमच, नाही विचारलंत तरी चालेल.

माझ्यावर 'इथे फाडा' अशी खूण नाही. ताई म्हणायची, लोकांना देवाने दात दिलेत. तडतड्याने मला तोंडाशी नेलं आहे, आणि नेमका तो कच्चा कोपरा त्याच्या दातांखाली आला आहे. एवढे दिवस तो कोपरा बदनाम होता. आज तोच सगळ्यात सोपा फाटणार आहे.

ओढ, तडतड्या. नाक जवळ ठेव. शिंक येईल, येऊ दे. शिंकणाऱ्याचे डोळे ओले झाले तर कोणी विचारत नाही. पावडर पिशवीला लागू दे, ती कंपनीची आहे.

हवा तेवढी घरची. ती तू घे.